वार्षिक अहवाल शोधायचा कुठे, वाचायचा कसा: ठाणे-नवी मुंबईकरांसाठी, महापालिकेपासून जागतिक बँकेपर्यंत

दर फेब्रुवारी-मार्चमध्ये सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पोस्ट हमखास फिरते, की आपल्या महापालिकेचं बजेट इतके हजार कोटींचं आणि तरी आपल्या नाक्यावर खड्डे तसेच. खाली संतापलेल्या चेहऱ्यांची रांग. पण त्या आकड्यात काय काय धरलंय, त्यातले खरंच खर्च किती झाले हे बघायला कुणी जात नाही, आणि जायचं म्हटलं तरी सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. मी ठाण्यात राहते, नोकरी बेलापूरला, आणि आमच्या नागरिक गटात हे अहवाल खणून काढायचं काम गेली काही वर्षं माझ्या गळ्यात पडलंय. गटात नवीन कुणी आलं की तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी एक सांगते. यासाठी सीए असावं लागत नाही, लागतो तो मागच्या वर्षीचा अहवाल. कुठलाही वार्षिक अहवाल एकटा वाचला तर सगळं छान चाललंय असंच वाटतं, कारण तो लिहिलाच तसा असतो. दोन वर्षांचे शेजारी शेजारी ठेवले की कुठली ओळ यंदा गायब झाली, कुठला आकडा जसाच्या तसा उतरवलाय, कुठलं काम तीन वर्षं "प्रगतीपथावर" आहे हे दिसायला लागतं. खालच्या सगळ्या पायऱ्या म्हणजे त्या एका कामाची तयारी आहे.

१. आधी प्रश्न एका ओळीत लिहा

"महापालिका पैशाचं काय करते" हा प्रश्न नाही, ती तक्रार झाली. "गेल्या पाच वर्षांत टीएमटीला (ठाण्याच्या बससेवेला) महापालिकेने दर वर्षी किती अनुदान दिलं", "आमच्या नोडमध्ये (सिडकोने वसवलेल्या भागात) रात्रीचा आवाज कुठे मोजला आणि किती आला", "मालमत्ता करातली जुनी थकबाकी वाढतेय का कमी होतेय" असे प्रश्न लिहा. प्रश्न नीट असला की चारशे पानांच्या पीडीएफमधली सहा पानं वाचून भागतं. नसला तर आयुक्तांच्या निवेदनाच्या तिसऱ्या पानावर झोप लागते, आणि त्यात तुमची काही चूक नाही.

२. ते काम नक्की कुणाचं आहे ते शोधा

आपल्या भागात सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. लोक "नवी मुंबई" म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात दिघ्यापासून उलव्यापर्यंत सगळं असतं. नवी मुंबई महापालिका १ जानेवारी १९९२ ला स्थापन झाली आणि तिची हद्द साधारण दिघा ते बेलापूर. खारघर, कामोठे, कळंबोली, तळोजा हे सगळं पनवेल महापालिकेत, जी १ ऑक्टोबर २०१६ ला झाली. उलवे आणि द्रोणागिरी सिडकोकडे. आणि सिडको ही महापालिका नाहीच, ती राज्य सरकारची कंपनी आहे, १७ मार्च १९७० ला स्थापन झालेली, त्यामुळे तिचा अहवाल कंपनीसारखा असतो, ताळेबंद, संचालक मंडळाचा अहवाल, लेखापरीक्षकांचे शेरे असा. ठाणे-बेलापूर रोडच्या पूर्वेकडच्या कारखान्यांच्या पट्ट्यात एमआयडीसी (राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ) येते, मोठ्या पुलांना आणि बहुतेक मेट्रोंना एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण). खारघरमधल्या रस्त्यासाठी कुणी नवी मुंबई महापालिकेचा अहवाल चाळत बसलं असेल तर आयुष्यभर चाळलं तरी तो रस्ता सापडायचा नाही.

जिल्ह्याचाही घोळ आहे. नवी मुंबई महापालिका ठाणे जिल्ह्यात येते, पनवेल रायगड जिल्ह्यात. म्हणजे जिल्हा सांख्यिकी कार्यालयाचं जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन काढलंत तर ऐरोलीकरांनी ठाण्याचं काढायचं आणि खारघरकरांनी रायगडचं.

पाण्याबद्दल प्रश्न असेल तर अजून एक बघा. नवी मुंबईचं मोरबे हे स्वतःच्या मालकीचं धरण आहे, ठाणे महापालिकेचं स्वतःचं धरण नाही. ठाण्याला स्वतःच्या योजनेतून, स्टेमकडून (शहाड-टेमघरची पाणीपुरवठा कंपनी), एमआयडीसीकडून आणि मुंबई महापालिकेकडून असं चार ठिकाणांहून पाणी येतं. त्यामुळे ठाण्याच्या पाण्याचा हिशोब एका अहवालात पुरा होत नाही, महापालिकेच्या अंदाजपत्रकात "पाणी खरेदी" कुठल्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे खर्चाच्या कुठल्या खात्यात, पडतेय तेही बघावं लागतं.

३. अहवाल तीन जातींचे असतात, ते एकमेकांत मिसळू नका

सोसायटीच्या एजीएमचं उदाहरण घ्या. सेक्रेटरी वर्षभरात काय केलं ते स्वतः लिहितो, ऑडिटर त्याचे हिशोब तपासून शेरे मारतो, आणि एखादा सभासद उभा राहून आजूबाजूच्या सगळ्या सोसायट्यांचा मेंटेनन्स वाचून दाखवतो. तिघांचे कागद वेगळे आणि तिघांचा हेतूही वेगळा. सरकारातही तसंच.

पहिली जात म्हणजे संस्थेने स्वतःबद्दल लिहिलेलं: महापालिकेचा वार्षिक प्रशासन अहवाल, केंद्रीय मंत्रालयांचे वार्षिक अहवाल, सिडकोचा अहवाल, रिझर्व्ह बँकेचा वार्षिक अहवाल, जागतिक बँकेचा वार्षिक अहवाल. यात काय केलं ते मिळतं, काय राहिलं ते क्वचित.

दुसरी जात तपासणाऱ्याची. महापालिकेत मुख्य लेखापरीक्षक असतो, राज्यात स्थानिक निधी लेखापरीक्षा आहे, आणि वरती कॅग, म्हणजे भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक. कॅगचे राज्याबद्दलचे अहवाल राज्यघटनेच्या कलम १५१ प्रमाणे राज्यपालांकडे जातात आणि तिथून विधिमंडळापुढे ठेवले जातात, मग लोकलेखा समिती ते घेते. भाषा रुक्ष पण माल इथेच. एक कटकट अशी की हे अहवाल उशिरा येतात, ज्या वर्षाबद्दल लिहिलंय त्यानंतर दोन-तीन वर्षं गेलेली असतात, तेव्हा वरच्या तारखेवरून ताजी बातमी समजून शेअर करू नका.

तिसरी जात एखाद्या विषयावरचा वार्षिक आढावा: महाराष्ट्राची आर्थिक पाहणी, महापालिकेचा पर्यावरण सद्यस्थिती अहवाल, यूएनडीपीचा (संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा) मानव विकास अहवाल. जागतिक बँकेचा "जागतिक विकास अहवाल" याच जातीत, तो बँकेचा वार्षिक अहवाल नाही. नावं सारखी वाटतात म्हणून भलतीच फाइल डाउनलोड होते आणि मग बँकेने भारताला किती कर्ज दिलं ते शोधत लोक एका निबंधात हरवतात.

४. हाताशी काय ठेवायचं

- ज्या वर्षाबद्दल प्रश्न आहे तो अहवाल, त्याआधीच्या किमान दोन वर्षांचे, आणि त्याच वर्षाचं अंदाजपत्रक
- परिवहनचा प्रश्न असेल तर परिवहन उपक्रमाचं वेगळं अंदाजपत्रक (ठाण्याची टीएमटी, नवी मुंबईची एनएमएमटी, दोघांचं वेगळं असतं)
- एक साधी एक्सेल शीट, ज्यात अहवालाचं नाव, पान नंबर, आकडा आणि एकक असे रकाने असतील. पान नंबरचा रकाना गाळू नका, सहा महिन्यांनी कुणीतरी "कुठून आणलास हा आकडा" विचारणारच
- आरटीआयसाठी, म्हणजे माहिती अधिकाराच्या अर्जासाठी, ओळखपत्राची झेरॉक्स आणि दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प
- मोबाइलवर गूगल लेन्स, का ते पायरी ६ मध्ये

५. वर्ष कुठून कुठवर धरलंय ते बघा

ही पायरी सगळे गाळतात आणि मग तुलना फसते. महापालिका, राज्य, केंद्र यांचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च, हे माहीतच आहे. जागतिक बँकेचं १ जुलै ते ३० जून. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं १ मे ते ३० एप्रिल. संयुक्त राष्ट्रांचं बजेट कॅलेंडर वर्षाचं, आणि तेही २०२० पासून दर वर्षाचं झालं, आधी दोन-दोन वर्षांचं एकत्र असायचं, म्हणून २०२० च्या आधीचा आकडा उचलून आत्ताच्या शेजारी ठेवला तर दुप्पट खर्च दिसेल आणि तुम्ही उगाच उसळाल. जागतिक बँकेच्या कागदावर "एफवाय २५" लिहिलेलं असेल तर ते जुलै २०२४ ते जून २०२५.

रिझर्व्ह बँकेची तर मजाच आहे. तिचं हिशोबाचं वर्ष आधी जुलै ते जून होतं, ते बदलून एप्रिल ते मार्च केलं, त्यामुळे मधलं २०२०-२१ हे वर्ष फक्त नऊ महिन्यांचं झालं, जुलै २०२० ते मार्च २०२१. त्या वर्षाचा खर्च कमी दिसला तर कुणी काटकसर केली असं समजू नका, कॅलेंडर छोटं होतं.

आपल्या ठाणे जिल्ह्यासाठी मोठा सापळा म्हणजे १ ऑगस्ट २०१४. त्या दिवशी पालघर वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत अखंड ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाखांवर होती, विभाजनानंतर उरलेल्या ठाण्याची ती साधारण ८० लाख. जिल्ह्याचे २०१३ चे आणि २०१६ चे आकडे एकाच रांगेत टाकले तर शाळा, दवाखाने, शेतजमीन सगळंच कुणीतरी पळवून नेल्यासारखं दिसतं. शीटमध्ये तिथे जाड रेघ मारा आणि खाली टीप लिहा.

६. फाइल शोधणं आणि उघडणं

महापालिकेच्या साइटवर "वार्षिक अहवाल" नावाचं बटण असेलच असं नाही. लेखा विभाग, पर्यावरण विभाग, माहितीचा अधिकार, नागरिकांची सनद अशा चार ठिकाणी बघावं लागतं. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे प्रत्येक कार्यालयाने स्वतःहून १७ बाबी जाहीर करायच्या असतात, त्यात बजेटही येतं, म्हणून "कलम ४" नावाचा कोपरा पहिला उघडा. आर्थिक पाहणी राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाच्या साइटवर मिळते, मराठीतही, आणि ती बजेटच्या आधी विधिमंडळात ठेवली जाते म्हणजे साधारण मार्चच्या आसपास शोधायची. कॅगची साइट नीट लावलेली आहे, राज्य निवडा, वर्ष निवडा, झालं.

आता खरी डोकेदुखी. आपल्याकडच्या बऱ्याच मराठी पीडीएफ दोन प्रकारच्या असतात. एक म्हणजे छापलेला कागद स्कॅन करून चढवलेला, थोडा तिरका, मध्ये शिक्क्याचा डाग, अशा फाइलमध्ये शोध चालत नाही कारण संगणकासाठी तो फोटो आहे. दुसऱ्या म्हणजे युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या, स्क्रीनवर मराठी स्वच्छ दिसतं पण "पाणीपुरवठा" टाकून शोधलं तर शून्य निकाल, आणि कॉपी-पेस्ट केलं तर इंग्रजी अक्षरांचा कचरा बाहेर पडतो. यात नवीन माणूस हमखास असं समजतो की अहवालात तो विषयच नाही. विषय असतो. अनुक्रमणिकेवरून पानावर जा, नाहीतर त्या पानाचा स्क्रीनशॉट लेन्समध्ये टाका, मराठी बऱ्यापैकी उचलतं, मात्र आकडे डोळ्यांनी पुन्हा तपासा कारण ३ आणि ६, १ आणि ९ यांची अदलाबदल होते.

फाइल मिळाली की लगेच स्वतःकडे सेव्ह करा आणि नाव बदला. साइटवर ती "स्कॅन००७" अशा नावाने असते आणि साइट नवीन झाली की जुन्या लिंका मरतात.

७. आता वाचायला बसा

पहिली दहा पानं, म्हणजे फोटो, शुभेच्छा, पुरस्कार, सरळ सोडा. शेवटचे तक्ते आधी उघडा. मी ट्रान्स-हार्बरच्या लोकलमध्ये ठाण्याहून बेलापूरला जाताना फक्त तक्तेच वाचते, तेवढ्यात कुठल्या पानावर परत यायचं ते कळतं.

अंदाजपत्रक. प्रत्येक ओळीपुढे तीन-चार आकडे असतात: आधीच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. पेपरात हेडलाइन येते ती शेवटच्या आकड्याची, म्हणजे जो अजून झालेलाच नाही. तुम्ही प्रत्यक्षचा रकाना बघा, आणि तो त्या वर्षाच्या अंदाजपत्रकात मिळणार नाही, पुढच्या किंवा त्याच्याही पुढच्या वर्षाच्या पुस्तकात मिळेल. म्हणून तर दोन-तीन वर्षांची पुस्तकं लागतात. एखाद्या कामाला मूळ अंदाजात भरघोस तरतूद, सुधारितमध्ये निम्मी आणि प्रत्यक्षात चणे-फुटाणे, ही साखळी एकदा बघितली की बजेटच्या दिवशीच्या घोषणांनी हुरळून जायला होत नाही.

एकूण आकड्यात आरंभीची शिल्लक धरलेली असते हेही लक्षात ठेवा. म्हणजे मागच्या वर्षी खर्च न झालेले पैसे यंदा पुन्हा "बजेट" म्हणून मोजले जातात. आणि महापालिकेने परिवहनला दिलेलं अनुदान महापालिकेच्या पुस्तकात खर्च असतं आणि परिवहनच्या पुस्तकात जमा, दोन्ही पुस्तकांची बेरीज करून शहराचं एकूण बजेट काढायला गेलात तर तेच पैसे दोनदा मोजाल.

स्पिल ओव्हर किंवा दायित्व असा शब्द दिसला तर थांबा. कामाचे आदेश दिले गेलेत पण बिलं चुकवायची बाकी आहेत असे ते पैसे. मला विचाराल तर महापालिकेची तब्येत कळायला एकूण बजेटपेक्षा हा आकडा जास्त उपयोगाचा, आणि नेमका तोच कधी ठळक तर कधी भाषणाच्या पोटात लपलेला असतो.

मालमत्ता कर. वसुली ९५ टक्के वगैरे वाचलं की कशाच्या ९५ टक्के ते विचारा. समजा चालू वर्षाची मागणी १०० कोटी आहे, मागची थकबाकी १५० कोटी आहे आणि वर्षभरात ९५ कोटी आले. चालू मागणीवर धरलं तर ९५ टक्के, एकूण येण्यावर धरलं तर ३८ टक्के. दोन्ही खरं, पण पहिलं छापलं जातं. शिवाय त्या ९५ कोटींत जुनी थकबाकी किती आणि चालू किती ही फोड तक्त्यात नसेल तर ती मागावी लागते.

पर्यावरण सद्यस्थिती अहवाल. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६७-अ प्रमाणे आयुक्तांनी मागच्या वर्षाचा हा अहवाल दर वर्षी ३१ जुलैच्या आत महापालिकेपुढे ठेवायचा असतो. नवीन माणसाने सुरुवात यापासून करावी असं माझं मत, कारण यात पाणी, कचरा, हवा, आवाज, झाडं, वाहनं सगळं एका जागी असतं आणि तक्ते वाचायला सोपे असतात.

पाण्याची एक ओळ कशी वाचायची ते दाखवते. मोरबेच्या पाण्यावर प्रक्रिया करणारं भोकरपाड्याचं केंद्र दिवसाला ४५० दशलक्ष लिटर क्षमतेचं आहे. ही क्षमता. रोजचा प्रत्यक्ष पुरवठा हा वेगळा आकडा, आणि नळापर्यंत पोचलेलं, म्हणजे गळती वजा करून, तो तिसराच. अहवालात पुढे दरडोई लिटर दिलेलं असतं, तिथे भागाकार कशाने केलाय ते बघा. समजा रोजचा पुरवठा ४०० दशलक्ष लिटर धरला, तर २०११ च्या जनगणनेच्या सुमारे ११.२ लाख लोकसंख्येने भागल्यावर दरडोई साधारण ३५७ लिटर येतात, आणि आजची अंदाजित म्हणून १६ लाख धरली तर २५०. पाणी तेच, नळही तेच. यातून कारखान्यांना आणि शहराबाहेर दिलेलं पाणी वगळलंय का, हा पुढचा प्रश्न. शहरी पाणीपुरवठ्याचा केंद्राचा निकष दरडोई १३५ लिटर, महानगरांसाठी १५०, तो शेजारी लिहून ठेवा, पण सरासरी भरपूर असूनही तुमच्या बिल्डिंगला टँकर लागू शकतो, कारण सरासरीत दिघा आणि पामबीच एकत्र कालवलेले असतात.

हवेच्या तक्त्यात "मानकाच्या आत" असं लिहिलं असेल तर कुठलं मानक ते शोधा. पीएम २.५, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांसाठी, भारताचं वार्षिक मानक ४० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मार्गदर्शक पातळी ५. म्हणजे ३८ आलं तर एकाच्या हिशोबाने पास, दुसऱ्याच्या हिशोबाने सातपटीहून जास्त. आणि मोजणी केंद्र कुठे होतं ते दोन्ही वर्षांत ताडून बघा, केंद्र चौकातून हलवून बागेजवळ नेलं तर हवा सुधारल्याचा आलेख आपोआप तयार होतो. आवाजाचंही तसंच. निवासी भागासाठी मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, पण तुमचा चौक तक्त्यात "व्यावसायिक" म्हणून नोंदवला असेल तर तीच मर्यादा ६५ आणि ५५ होते.

प्रगतीपथावरची कामं. एकच प्रकल्प घ्या आणि त्याला वर्षानुवर्षं पकडून ठेवा. सिडकोच्या बेलापूर ते पेंधर मेट्रोचं भूमिपूजन मे २०११ मध्ये झालं आणि गाडी धावली १७ नोव्हेंबर २०२३ ला. मधल्या सगळ्या वर्षांचे सिडकोचे कागद ओळीने लावले तर अपेक्षित पूर्णतेची तारीख कशी सरकते, खर्चाचा आकडा कधी बदलतो ते एका शीटमध्ये मावतं. टक्केवारी आणि तारीख नसेल तर "काम सुरू आहे" ही माहिती धरू नका.

अजून एक. नवी मुंबईत मे २०२० पासून आणि ठाण्यात मार्च २०२२ पासून निवडून आलेल्या सभागृहाची मुदत संपून प्रशासक आले. त्या काळातलं अंदाजपत्रक सादर करणारा आणि मंजूर करणारा एकच. आधीच्या वर्षांत सभेच्या इतिवृत्तात नगरसेवकांनी विचारलेले प्रश्न मिळायचे, त्यातून बरीच दिशा कळायची, या वर्षांसाठी ते शोधत बसू नका.

८. आंतरराष्ट्रीय संस्थांचे अहवाल: कधी लागतात आणि कुठे थांबायचं

तुम्ही म्हणाल ठाण्यातल्या माणसाला यांचं काय. अटल सेतू घ्या. एमएमआरडीएचा प्रकल्प, १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालं, सुमारे २१.८ किलोमीटर, आणि पैसा मोठ्या प्रमाणात जायकाचं, म्हणजे जपान सरकारच्या विकास-सहकार्य संस्थेचं, कर्ज. म्हणजे याच पुलाबद्दलचे कागद मुंबईतही आहेत आणि टोकियोतही, आणि कर्ज देणाऱ्याला परतफेडीची आणि परिणामाची काळजी असल्यामुळे त्याच्या कागदात प्रवासी किती अपेक्षित होते, वेळ किती वाचणार होता हे सरळ आकड्यांत सापडतं. मात्र जायकाच्या वार्षिक अहवालात शोधू नका, तिथे जास्तीत जास्त एखादा परिच्छेद मिळेल. प्रकल्पपूर्व मूल्यमापनाचा कागद वेगळा असतो, तो काढा.

जागतिक बँकेचंही हेच. वार्षिक अहवाल बँकेबद्दल असतो, ठाण्याबद्दल नाही. प्रकल्पाचं पान उघडून तिथले अंमलबजावणीचे आणि पूर्णतेचे अहवाल वाचायचे. मुंबई शहरी वाहतूक प्रकल्प, म्हणजे आपण एमयूटीपी म्हणतो तो, त्यात पुनर्वसनाबद्दल लोकांनी बँकेच्याच तपासणी पॅनेलकडे तक्रार केली होती आणि २००६ मध्ये बँकेने रस्ते आणि पुनर्वसन भागाचे पैसे काही काळ थांबवले होते. हे वार्षिक अहवालाच्या गुळगुळीत पानांवरून कळलं नसतं, पॅनेलच्या अहवालात तपशीलवार आहे. पायरी ३ मधली दुसरी जात आठवा.

संयुक्त राष्ट्रांच्या कागदांना नंबर असतात आणि ते वाचता आले की शोध सोपा होतो. सनदेच्या कलम ९८ प्रमाणे महासचिव दर वर्षी आमसभेला संस्थेच्या कामाचा अहवाल देतात. त्याचा नंबर "ए/७९/१" असा, ए म्हणजे आमसभा, ७९ म्हणजे एकोणऐंशीवं अधिवेशन जे २०२४ मध्ये सुरू झालं, आणि १ म्हणजे हा अहवाल. पुढच्या-मागच्या वर्षाचा हवा असेल तर मधला आकडा बदला. सहा अधिकृत भाषांत निघतो, हिंदी-मराठी त्यात नाहीत, तेव्हा इंग्रजीच घ्यावा लागणार.

क्रमवारीच्या बातम्यांपासून मात्र जपून. मानव विकास अहवालाचं उदाहरण पुरेसं आहे. २०२३-२४ च्या अहवालात भारताचा क्रमांक १३४ होता, २०२५ च्या अहवालात १९३ देशांत १३०. चार पायऱ्या वर असं सगळीकडे फिरलं. पण पहिला क्रमांक २०२२ च्या आकडेवारीवर होता, दुसरा २०२३ च्या, आणि नव्या अहवालात जुनं वर्ष सुधारित आकड्यांनी पुन्हा मोजलंय, त्यात २०२२ चा क्रमांक १३३ येतो. म्हणून तुलना करायची असेल तर जुन्या पुस्तकातला क्रमांक उचलायचा नाही, नव्या पुस्तकातच मागच्या वर्षासाठी काय दिलंय ते घ्यायचं. हाच नियम आपल्या आर्थिक पाहणीलाही लावा, तिथेही अस्थायी आकडे पुढच्या वर्षी सुधारून येतात आणि तक्त्याखालच्या बारीक अक्षरांत तसं लिहिलेलं असतं.

९. अहवाल साइटवर नसेल तर

आधी फुकटचा मार्ग. २०१८ च्या शासन परिपत्रकाप्रमाणे जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि महापालिकांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख बघता येतात. ठाण्याला पाचपाखाडीचं मुख्यालय, नवी मुंबईला बेलापूरचं. जाताना कुठल्या विभागाचा कुठल्या वर्षाचा कागद हवा ते लिहून न्या, "बजेट दाखवा" म्हणालात तर चालू वर्षाचं पुस्तक पुढे सरकवलं जाईल आणि तुमचा सोमवार गेला. परिपत्रकाची प्रत मोबाइलमध्ये ठेवा, टेबलावरच्या माणसाला ते माहीत असेलच असं नाही.

नाहीतर आरटीआय. जोडपत्र "अ" मध्ये अर्ज, दहा रुपये फी, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. महाराष्ट्राच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द, म्हणून पाणी, कर आणि परिवहन एकत्र कोंबू नका, तीन अर्ज करा. शब्दरचना महत्त्वाची: "वार्षिक प्रशासन अहवाल का प्रसिद्ध केला नाही" असं विचारलंत तर "का" चं उत्तर द्यायला ते बांधील नाहीत. "सन २०२१-२२ ते २०२३-२४ या वर्षांच्या वार्षिक प्रशासन अहवालाची प्रत" असं मागा, आणि पुढे "तयार नसल्यास तो तयार करण्याबाबतच्या नस्तीतील टिपणी व पत्रव्यवहाराची प्रत" हेही जोडा. या दुसऱ्या वाक्यामुळे (नस्ती म्हणजे फाइल) "अहवाल उपलब्ध नाही" एवढ्या एका ओळीवर तुमची बोळवण होत नाही. झेरॉक्सचे पानाला दोन रुपये, मोठं पुस्तक असेल तर सॉफ्ट कॉपी मागा. अर्ज हातोहात दिला तर आपल्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, कारण पुढचे सगळे दिवस तिथून मोजले जातात.

३० दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं किंवा अर्धवट आलं तर त्यापुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे जोडपत्र "ब", वीस रुपयांचा स्टॅम्प. माझा अनुभव असा की निम्मी प्रकरणं इथेच सुटतात, सुनावणीची नोटीस निघाली की कागद अचानक सापडतो. तरी नाही सापडला तर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील, आपल्यासाठी कोकण खंडपीठ, आणि ते बेलापूरलाच आहे. तिथे तारीख लागायला बराच वेळ जातो. तेवढ्यात पुढच्या वर्षीच्या अहवालाची मुदत झालेली असते, त्याचाही अर्ज टाकून ठेवा.